तिघांचे तीन सल्ले, मग कोणतं लिनक्स टाकायचं?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. विंडोज १०चे अपडेट बंद झाल्याची सूचना पडद्यावर येते आणि विंडोज ११ या मशीनवर चालणार नाही, असंही तिथेच लिहिलेलं असतं. मशीन मात्र ठणठणीत आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, ‘मावशी, फेडोरा टाक.’ शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी उबुंटू सुचवतो. दुरुस्तीवाले म्हणतात, ‘मॅडम, लिनक्स तुमचं काम नाही, नवा लॅपटॉप घ्या.’ मी निवृत्त शिक्षिका आहे. मराठीत लेखन करते, गावातल्या वाचनालयाचा जमाखर्च आणि पत्रव्यवहार पाहते, नातवंडांशी व्हिडिओवर बोलते. कोणाचं ऐकू? आणि वाचनालयात एक याहून जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याचं काही होईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या तिन्ही सल्लागारांनी सांगितलं ते त्यांच्या-त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. तुमचं काम काय, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारलेलं दिसत नाही. ते तुम्ही पत्रात नीट लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पण आधी त्या सूचनेचा अर्थ पाहू, कारण घाबरून घेतलेला निर्णय महागात पडतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडेल असा नाही. विंडोजमध्ये सुरक्षेच्या ज्या नव्या फटी सापडत राहतात, त्या बुजवणारे अपडेट येणं थांबतं. फटी उघड्या राहतात, त्या कुठे आहेत हे चोरांना कळतं आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्याला धोका वाढत जातो. घरगुती वापरासाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ का चालत नाही? तुमचं मशीन दुबळं आहे म्हणून नव्हे. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. तुमचा लॅपटॉप त्याच्या थोडा आधीचा, एवढाच त्याचा दोष. चांगलं चालणारं मशीन केवळ या यादीपायी भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि लिनक्सचा विचार इथे खरोखर कामाचा आहे.

आता ‘कोणतं लिनक्स’ हा गोंधळ. एसटीच्या बसचं उदाहरण घ्या. इंजिन आणि सांगाडा, म्हणजे चासी, कंपनीकडून येते. तिच्यावर दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी चढते. त्याच चासीची साधी लालपरी होते, तिचीच निमआराम होते. लिनक्स ही त्यातली चासी. फिनलंडमधल्या हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सने १९९१मध्ये हा गाभा लिहायला घेतला. त्याच्यावर पडदा, मेनू, लेखनाचे आणि इंटरनेटचे प्रोग्रॅम, अपडेट पोचवण्याची व्यवस्था असं सगळं चढवून जे तयार होतं, त्याला डिस्ट्रिब्यूशन किंवा बोलीत डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, फेडोरा, मिंट ही अशा डिस्ट्रोंची नावं. भाचा आणि शेजारचा मुलगा दोन वेगळ्या गोष्टी सांगत नाहीत. चासी एकच आहे.

‘लिनक्स इंजिनिअरांसाठी’ हा समजही याच ठिकाणी सुटतो. तुमचा मोबाइल अँड्रॉइड असेल, तर तुम्ही रोज लिनक्सच्याच गाभ्यावर चालणारं यंत्र वापरता. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, तिच्यातला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतो. वापरणाऱ्याला गाभा कळावाच लागतो असं नाही. समोरचा मेनू ओळखीचा असला की पुरतं.

मग डिस्ट्रोंमध्ये फरक कशाचा? नवख्याच्या दृष्टीने मुख्यतः दोन गोष्टींचा : पडद्याचं रूप कसं आहे आणि नव्या आवृत्त्या किती घाईने येतात. पडद्याचं रूप कोणत्याही डिस्ट्रोवर बदलता येतं, म्हणून दुसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष द्या.

डेबियन हा १९९३पासून चालत आलेला, स्वयंसेवकांनी सांभाळलेला प्रकल्प. त्याच्यावर आधारून २००४मध्ये उबुंटू निघालं. त्याच्यामागे कॅनोनिकल ही कंपनी आहे. उबुंटूवर आधारून २००६मध्ये लिनक्स मिंट आलं. म्हणजे हे एकाच घराण्यातलं आजी, मुलगी, नात असं नातं आहे. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एक दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, एलटीएस नावाची, आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट त्याच एलटीएसवर उभं असतं. मिंट २२ची मालिका उबुंटू २४.०४वर आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर मोठा बदल न करता काम चालू राहतं.

फेडोराची रीत निराळी. त्याच्यामागे रेड हॅट कंपनी आहे. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीची देखभाल सुमारे तेरा महिने होते. म्हणजे वर्षातून एकदा तरी पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हे हवंच असतं, कारण त्याला ताजी साधनं लागतात. तुम्हाला ताज्या साधनांचा उपयोग थोडा आणि दरवर्षीच्या बदलाचा त्रास जास्त. आर्च नावाची डिस्ट्रोही कोणीतरी सुचवेल. तिच्यात आवृत्त्याच नसतात, अपडेट सतत वाहत येतात आणि सुरुवातीची जोडणी बरीचशी आपणच करायची असते. शिकण्यासाठी ती उत्तम आहे, पण वाचनालयाचा जमाखर्च तिच्यावर ठेवू नका.

‘नवीन तेच सुरक्षित’ असा आणखी एक समज आहे. मार्च २०२४मध्ये काय झालं ते पाहा. फायली आकसून ठेवणाऱ्या एक्सझेड नावाच्या एका छोट्या साधनात, त्याच्या देखभालीत शिरलेल्या कोणीतरी चोरवाट बसवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने त्याचा माग काढला आणि चोरवाट उघडी पडली. तोवर ती डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचली होती; उबुंटूच्या एलटीएस आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोचली नव्हती. सुरक्षेच्या दुरुस्त्या ताबडतोब घ्याव्यात, नवे बदल मात्र जरा मुरू द्यावेत, ही एलटीएसची रीत घरच्या वापराला योग्य का, ते यावरून कळतं. सगळा कोड उघडा असल्यामुळे बाहेरच्या माणसाला हा माग काढता आला, हेही लक्षात घ्या. ‘कोड कोणीही पाहू शकतो म्हणजे ते असुरक्षित’ या शंकेचं उत्तर त्यात आहे.

तर तुमच्यासाठी माझं मत : लिनक्स मिंट, त्यातली सिनॅमन ही आवृत्ती. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वायफाय, अशी तिची मांडणी विंडोज १० वापरलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून उमगते. उबुंटूही तितकंच भरवशाचं आहे, पण त्याच्या पडद्याची रचना वेगळी असल्याने सवय व्हायला वेळ लागतो. भाच्याने ‘मी स्वतः फेडोरा वापरतो, दरवर्षी येऊन नवी आवृत्ती टाकून देईन’ असं कबूल केलं, तर मात्र फेडोरा घ्यायला हरकत नाही. अडल्यावर फोन उचलणारा माणूस जे जाणतो ते मशीनवर असणं नवख्याला फार उपयोगी पडतं. त्याला स्पष्ट विचारा.

आपल्याकडची डिस्ट्रो नाही का, असं तुमच्या मनात आलं असेल. आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारून ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, तयार केली आहे आणि भारतीय भाषांची सोय हा तिचा हेतूच आहे. केरळने तर सरकारी शाळांमधलं संगणक शिक्षण मोफत, मुक्त लिनक्सवर उभं केलं, आणि ते आजही चालू आहे. तरीही घरात एकट्याने वापरणाऱ्याला मी मिंटच सांगेन, कारण अडचण आली तर तिचं उत्तर आधीच कोणी लिहून ठेवलेलं असण्याची शक्यता तिथे जास्त.

आता मराठीकडे येऊ. खरी अडचण आली तर इथेच येईल आणि कोणतीही डिस्ट्रो निवडली तरी ती सारखीच असेल. तुमच्या जुन्या फायली कशात टाइप केल्या आहेत? युनिकोडमध्ये असतील, म्हणजे विंडोजच्या मराठी कळफलकाने किंवा मोबाइलवर लिहिलेल्या असतील, तर काळजी नाही. त्या लिनक्सवर जशाच्या तशा दिसतात. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट तिथे नसतो, त्याऐवजी नोटो किंवा लोहित फॉन्ट येतो, त्यामुळे ओळी थोड्या इकडेतिकडे सरकतील इतकंच.

पण फायली श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर गोष्ट वेगळी. या फॉन्टमधल्या मजकुरात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, मग ते मशीन लिनक्सचं असो वा विंडोजचं. म्हणून विंडोज काढण्याआधी अशा फायली कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणून ठेवा. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं होतं. ‘किर्ती’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र आले की कन्व्हर्टर हमखास गडबडतो. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही तो शब्द आधी ‘कीर्ती’ असा सुधाराल हेही मला ठाऊक आहे.

टाइप कसं करायचं? इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच नव्याने शिकायचं नाही. तो सरकारने प्रमाण ठरवलेला कळफलक आहे आणि लिनक्सवर कळा तिथेच सापडतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल, तर आयबस आणि त्याच्यासोबतचं एम१७एन हे साधन बसवून घ्या. त्यात मराठीसाठी फोनेटिक पद्धत आहे. काही जोडाक्षरांच्या कळा तुमच्या सवयीपेक्षा वेगळ्या निघतील. ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘ॲ’ कसे येतात ते कागदावर लिहून समोर लावा. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हा लेखनाचा-हिशेबाचा संच या दोन्हींचा चेहरामोहरा मराठीत करून घेता येतो.

वाचनालयाचा जमाखर्च एक्सेलमध्ये असेल तर लिब्रेऑफिस तो उघडतं आणि त्याच रूपात साठवतं. साधी बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, तक्ते यांना काही होत नाही. कोणी मॅक्रो, म्हणजे तक्त्यात आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, लिहून दिले असतील तर ते मोडण्याची शक्यता आहे. वर्डचं पत्र समोरच्याकडे आहे तसंच दिसायला हवं असेल तर पीडीएफ करून पाठवा. हिशेब टॅलीत असेल तर मात्र थांबा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. वाइन नावाचं साधन विंडोजचे काही प्रोग्रॅम चालवून दाखवतं, पण संस्थेचे हिशेब त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड यांवर ज्यांचं पोट आहे त्यांनाही मी विंडोजवरच राहायला सांगेन, आणि त्यात कमीपणा काही नाही. सही करण्याचं डिजिटल टोकन वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालतं का हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची काळजी असेल तर ती सोडा. जीवन प्रमाणासाठी आता अंगठ्याचं यंत्र संगणकाला जोडावंच लागतं असं नाही. अँड्रॉइड मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. प्रिंटरची मात्र आधी खात्री करून घ्या. बरेचसे नवे प्रिंटर जोडले की ओळखले जातात, पण काही जुने, स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

हे सगळं काही न पुसता तपासता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यात काही असेल तर काढून ठेवा, कारण तो पुसला जातो. मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. सुरू करताना एफ१२, एफ९ अशी एखादी कळ दाबावी लागते. मशीननुसार ती बदलते. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतं का, आवाज आणि कॅमेरा चालतो का, प्रिंटर कागद ओढतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं पाहा. संथ वाटलं तर तो पेनड्राइव्हचा संथपणा आहे.

पसंत पडलं तर लगेच विंडोज पुसू नका. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवण्याची सोय आहे, पण तुमच्या बाबतीत मला दुसरा मार्ग बरा वाटतो. २०१६च्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल. ती काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि मिंट तिच्यावर टाका. मशीनचा वेग जितका या एका बदलाने वाढतो तितका कोणत्याही डिस्ट्रोने वाढत नाही. आणि जुनी डिस्क विंडोज आणि फायलींसकट कपाटात शाबूत राहते. नाहीच जमलं तर परत बसवता येते. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर डिस्क हातात असूनही फायली उघडत नाहीत. आणि महत्त्वाच्या फायलींची एक वेगळी प्रत काढाच.

काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतील, ही भीती जुन्या दिवसांतली आहे. मिंटमध्ये प्रोग्रॅम घ्यायला सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. नाव शोधायचं, बटण दाबायचं. भेटेल त्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅम उतरवण्याची सवय यामुळे सुटते. लिनक्सला व्हायरसचा त्रास कमी होतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. पण ‘लिनक्सला काही होतच नाही’ असं समजू नका. बँकेच्या नावाने आलेली खोटी लिंक कोणत्याही मशीनवर तितकीच घातक असते.

बाकीचे पर्याय थोडक्यात. मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनसाठी आहे, म्हणजे त्यासाठी नवी खरेदी आली. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स जुन्या मशीनवर फुकट टाकता येते आणि जो सगळं काम ब्राउझरमध्येच करतो त्याला ती पुरते. पण तिच्यावर अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत आणि इंटरनेट गेलं की फार थोडं उरतं. खेड्यात राहून लेखन करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

आता वाचनालयातला जुना कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते आधी पाहून घ्या. ३२ बिटचा असेल तर उबुंटू आणि मिंट दोन्ही त्याच्यावर बसत नाहीत, आणि डेबियननेही २०२५च्या आवृत्तीपासून तशा मशीनवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. तसं असेल तर त्याच्यावर खर्च करू नका. ६४ बिटचा निघाला तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मिंटवाले किमान दोन जीबी रॅम सांगतात, पण आजचे ब्राउझर तेवढ्यात गुदमरतात. चार जीबी करून घ्या. जुनी रॅम दुरुस्तीवाल्यांकडे स्वस्तात मिळते. त्या मशीनवर पुस्तकांची यादी ठेवायचा विचार असेल तर कोहा या प्रणालीची चौकशी करा. न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी ती तयार झाली, २००० साली वापरात आली, आणि ती मोफत आहे. भारतातली कितीतरी ग्रंथालयं आज तिच्यावर चालतात. ती बसवायला मात्र जाणकार माणूस लागतो, तेव्हा हे काम भाच्याकडे द्या. एकदा बसली की वाचकांसाठी ठेवलेल्या मशीनवर फक्त ब्राउझर उघडावा लागतो, आणि पुस्तकाचं नाव मराठीत टाइप करून शोधता येतं.